शाईतील सावली : विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली आजीची तिन्ही व्यक्तिचित्रे खिडकीपाशी बसून पुन्हा पुन्हा पाहिली. साम्य उत्तम साधले आहेस. परंतु प्रत्येक वेळी तू आधी चेहऱ्याभोवती एकाच जाडीची बाह्यरेषा ओढून घेतलीस आणि मग सावलीची बाजू तिरप्या रेषांच्या जाळीने भरून काढलीस, त्यामुळे रेषा आणि सावली एकमेकींना परक्याच राहिल्या.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये डच चित्रकार रेम्ब्रांट याचे सुमारे १६५४ सालचे, झोपलेल्या तरुणीचे चित्र आहे. ती त्याची सहचरी हेंड्रिक्ये स्टॉफल्स असावी, असे मानतात. त्याची चांगली प्रतिकृती मिळवून ती रोज पाहा. हे चित्र तपकिरी शाईत केवळ कुंचल्याने काढलेले आहे. वस्त्राची घडी आणि घडीतली सावली एकाच फटकाऱ्यात उतरली आहे, कुंचला कोरडा होत गेला तिथे रेषा विरळ होऊन उजेडात मिसळली आहे, आणि डोक्यामागे पसरलेल्या पातळ शाईमुळे कोरा कागदच चेहऱ्यावरचा प्रकाश होऊन बसला आहे. इतक्या थोडक्या खुणांत झोपेचे जडपण मी अन्यत्र पाहिलेले नाही.

साधनांविषयी थोडेसे. त्या काळी पिसाची लेखणी आणि बोरू दोन्ही वापरीत. बोरूची रेषा रुंद, बोथट आणि लवकर आटणारी असते, म्हणून तुला सध्या तोच हवा. मायफळ (ओकच्या झाडावरच्या गाठी), हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक यांची शाई मात्र करू नकोस. त्याच शतकातील इटालियन चित्रकार ग्वेर्चिनो याच्या कित्येक रेखाटनांत दाट सावलीच्या जागी अशाच शाईने कागद खाऊन टाकला आहे, आणि ते पाहताना जीव हळहळतो.

रेम्ब्रांटने साधारण १६५६ ते १६६१ या काळात मुघल लघुचित्रांवरून, त्यांत शाहजहानच्याही, वीसहून अधिक रेखाटने जपानी कागदावर केली. तिथे त्याचा हात एकदम नाजूक होतो. आपल्याकडच्या चित्रकारांची बारीक रेषा तो आदराने सांभाळतो, तरी तिच्यालगत आपली सावली ठेवल्याशिवाय त्याला राहवत नाही. तुझ्या रेषेला हे शिक्षण फार जवळचे ठरेल.

आता आजींना संध्याकाळी एकाच दिव्याजवळ बसव. पेन्सिल घेऊ नकोस. प्रथम पातळ शाईने फक्त सावली मांड, ती वाळू दे, आणि मग पापणी, नाकपुडी, ओठांची फट व हनुवटीखालची कडा एवढ्याच ठिकाणी बोरू टेकव. उजेडाकडच्या गालाला रेषा देऊ नकोस. अशी दहा चित्रे झाली की बिघडलेल्यांसह सगळी मला पाठव.

तुझा,
चित्रकलेचा शिक्षक