करारावर सही करण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

फुटबॉल क्लबने तुला दिलेला कराराचा कागद वाचला. दोन पानं, त्यातलं दीड पान शिस्तीचं. पैशांबद्दल एकच ओळ: ‘खेळाडूस दरमहा रु. २५,००० मानधन देण्यात येईल.’ किती महिने, कोणत्या तारखेला, कर कापून की न कापता, गुडघा गेला तर काय, यातलं काहीच नाही.

आधी हिशेब कर. क्लब ८ महिन्यांचेच पैसे देणार असेल, तर वर्षाचे झाले २ लाख. १२ने भागलेस तर महिना १६,६६६. खोली आणि जेवण क्लबचं नसेल, तर कोल्हापुराहून मुंबईत येऊन राहणाऱ्याच्या हातात यातलं फारसं उरत नाही. त्यात क्लब बहुधा व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापेल, म्हणजे खात्यात २२,५०० येतील. पॅन दिला नाहीस तर २० टक्के कापतील. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून हे पैसे परत मिळतात. मात्र क्लबने कापलेला कर सरकारजमा केला पाहिजे. काही क्लब कापतात आणि भरतच नाहीत, म्हणून दर तिमाहीनंतर आयकर पोर्टलवर तुझ्या पॅनवर किती कर जमा झालाय ते उघडून बघ. करारात ‘२५,००० कर वजा जाता’ की ‘कर धरून’ हे स्पष्ट लिहून घे.

दुसरं, तुझी नोंदणी हौशी म्हणून होणार की व्यावसायिक म्हणून? शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघाकडून खेळताना हा प्रश्न कुणी विचारला नसेल, इथे मात्र सगळं त्यावरच ठरतं. फिफाच्या नियमाप्रमाणे व्यावसायिक तोच, ज्याचा क्लबशी लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात. बाकी सगळे हौशी. खालच्या लीगमधल्या क्लबांना सोयीची वाट म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर खेळाडू हौशी दाखवायचा आणि पैसे ‘प्रवासखर्च’ म्हणून रोख द्यायचे. असे पैसे थकले की दाद मागायला हातात कागद नसतो. व्यावसायिक म्हणून पहिली नोंदणी झाली की तुला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण-भरपाई देय होऊ शकते, आणि काही क्लब त्यामुळेच टाळाटाळ करतात. ती रक्कम नव्या क्लबने द्यायची असते. तुझ्या मानधनातून वळती करू म्हणाले तर साफ नाही म्हण.

आता मुख्य मुद्दा, पैसे थकण्याचा. हे फक्त छोट्या क्लबांत होतं असं समजू नकोस. २०२५च्या ऑगस्टमध्ये इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) हंगाम अडकला, तेव्हा बंगळुरू एफसीसारख्या क्लबनेही पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. म्हणून ‘पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, बँक खात्यात’ ही ओळ हवीच. ‘क्लबच्या सोयीनुसार’ किंवा ‘प्रायोजकाची रक्कम आल्यावर’ असले शब्द खोडायला लाव. पैसे द्यायला क्लबला जादा मुदत देणारं कलमही फिफा मानत नाही, खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारातून आलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

तारीख लिहिलेली असली की फिफाच्या नियमावलीतलं १४ बिस हे कलम कामाला येतं. दोन महिन्यांचा पगार ठरल्या तारखेला आला नाही, तर खेळाडू क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत देतो, आणि त्यातही पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार संपवू शकतो. समज, जानेवारीचा पगार ७ फेब्रुवारीला आणि फेब्रुवारीचा ७ मार्चला यायला हवा होता. दोन्ही आले नाहीत, तर ८ मार्चला नोटीस. तिच्यात महिना, रक्कम, देय तारीख, खाते क्रमांक आणि मुदतीचा शेवटचा दिवस, एवढंच. भावनिक काही नको. क्लबच्या अधिकृत ईमेलवर पाठव आणि तीच प्रत स्पीड पोस्टने. महासंघाची नियमावली फिफाच्याच चौकटीवर उभी आहे, तरी नोटिशीत कलम घालण्याआधी तिची चालू प्रत उघडून बघ. दाद मागायची ती महासंघाच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे.

इथे पोरं हमखास फसतात. पैसे थकले की रागाने सरावाला जाणं बंद करतात, मग क्लब म्हणतो, करार खेळाडूनेच मोडला. मुदत संपेपर्यंत रोज मैदानावर जा, हजेरीच्या नोंदी आणि सरावाच्या वेळेचे मेसेज जपून ठेव. आधीच्या महिन्यांचं मानधन रोखीने घेतलं असेल, तर ‘सगळं दिलंय’ हे म्हणणं खोडायला तुझ्याकडे बँकेचं पासबुकही नसेल.

दुखापतीचं कलम तुझ्या कागदात नाहीच. एसीएल हा गुडघ्यातला लिगामेंट तुटला की शस्त्रक्रिया आणि पुढे साधारण ९ महिने मैदानाबाहेर, म्हणजे तुझा अख्खा हंगाम. सामन्यात किंवा सरावात झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च क्लबचा आणि त्या काळात मानधन चालू, एवढं तरी लिहून घे. विमा काढलाय म्हणाले तर पॉलिसीची प्रत माग. ती फक्त अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाची असेल, तर लिगामेंटला तिचा काही उपयोग नाही. आणि मे महिन्यातल्या टर्फवरच्या बक्षिसाच्या स्पर्धा करार चालू असताना विसर. तिथे पाय मुरगळला तर क्लब हात वर करेल आणि वर करारभंगाची नोटीसही देईल.

बोनसच्या ओळीत ‘सामना खेळल्यास’ असं असेल तर विचार: ८८व्या मिनिटाला उतरलो तरी पूर्ण? राखीव बाकावर बसलो तर?

मुदतीबद्दल थोडक्यात. करार कमीत कमी हंगाम संपेपर्यंत आणि जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो, १८ वर्षांखालच्यांना ३. तू १९चा आहेस, सही तुझी. ‘क्लबच्या इच्छेनुसार आणखी एक वर्ष’ हे एकतर्फी कलम काढून टाक, किंवा त्या वर्षाची वाढीव रक्कम आजच लिहून घे. वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी. ‘तपासणीत पास झाल्यास करार लागू’ ही अट फिफा मानत नाही. एका हंगामात तीन क्लबांत नोंदणी चालते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोघांकडूनच खेळता येतात, तेव्हा एखाद-दुसऱ्या सामन्यासाठी उगाच कुठे नाव घालू नकोस.

एजंट मागे लागलाय म्हणालास. फिफाचं लायसन्स बघ. त्याच्याशी करार २ वर्षांपेक्षा जास्त नाही, आपोआप नूतनीकरण नाही. करार संपल्यावरही नवी ऑफर आधी मलाच दाखवायची, असं कलम तो टाकेल. क्रिकेटपटू, श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रमोशन बघणाऱ्या कंपनीने त्याच्यापुढे असंच कलम केलं होतं. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय करार कायद्याच्या कलम २७खाली ते रद्दबातल ठरवलं.

रेल्वेच्या क्रीडा कोट्याची जागा निघाली तर माझा कौल तिकडेच. फुटबॉल तिशीनंतर फार काळ पैसे देत नाही, रेल्वे साठीपर्यंत देते. मात्र तिथे लागलास की बाहेरच्या क्लबकडून खेळायला विभागाची एनओसी लागेल.

तर आता क्लबला ईमेलनेच लिही: महिने, तारीख, कर, दुखापत, मुदतवाढ, हे पाच बदल हवेत. तोंडी ‘होऊन जाईल’ धरू नकोस. दोन मूळ प्रती कर आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घे. क्लबतर्फे सही करणाऱ्याचं नाव, पद आणि अधिकार लिहून घे, कारण संघ व्यवस्थापकाची सही क्लबला बांधीलच असेल असं नाही. एक प्रत त्याच दिवशी घरी घेऊन ये. ‘शिक्का मारून नंतर देतो’ म्हणाले तर शिक्का बसेपर्यंत तिथेच थांब, आणि मग सीआरएसवर तुझी नोंदणी व्यावसायिक दिसते का ते बघ.