सुऱ्या घडवायला नुकती सुरुवात केलेल्या माणसाने हॅमर-इनला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अटलांटाजवळ राहता, गॅरेजमध्ये गॅसची भट्टी लावून दोन-तीन सुऱ्या केल्यात, अलाबामात टॅनेहिलला पाती घडवणाऱ्यांचा मेळावा भरतो असं कळलंय. एवढ्याशा अनुभवावर तिथे जावं का, आणि गेलं तर बरोबर काय न्यावं?

जरूर जा. आणि स्वतः केलेल्या सुऱ्या बरोबर न्या. चांगली जमलेली न्याच, पण जिचं काहीतरी बिनसलंय ती आधी पिशवीत टाका. मी अलाबामातच राहतो, नोकरी इंजिनिअरिंगची आहे आणि सुट्टीचा वेळ भट्टीपाशी जातो. बरीच वर्षं या मेळाव्यांना जातोय. व्हिडिओ कितीही पाहिले तरी जे हाती लागत नाही ते तिथे एका दुपारीत लागतं, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतोय.

हॅमर-इन म्हणजे कोणाच्या शेडमध्ये, शेतावर किंवा पार्कात लोहारांनी दोन-तीन दिवस एकत्र जमणं. धंदा म्हणून करणारे असतात, पण हौशी मंडळीही भरपूर. कोणीतरी ऐरणीवर काम करून दाखवतं, बाकीचे कोंडाळं करून बघतात, मधेच थांबवून शंका विचारतात. टॅनेहिलचा मेळावा जिम बॅटसन या मास्टर स्मिथने, म्हणजे पाती घडवणाऱ्यांतलं सर्वात वरचं पद मिळवलेल्या लोहाराने, सुरू केला. जागा बर्मिंगहॅमच्या नैर्ऋत्येला, मॅकाला गावाजवळ. तिथे १८३० मध्ये लोखंडाचं काम सुरू झालं, पुढे यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यासाठी कच्चं लोखंड गाळलं गेलं आणि १८६५ च्या मार्चअखेर उत्तरेच्या घोडदळाने सगळा कारखाना जाळला. गुलामांच्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या त्या दगडी भट्ट्या अजून आहेत. जेवणाच्या सुट्टीत तिकडे चालत जाऊन या. लोखंडाचा इतिहास म्हटला की त्यातला जुलूमही आला, तो टाळून पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

नवशिक्याला तिथे कोणी हिंग लावून विचारणार नाही, ही तुमची भीती मनातून काढून टाका. या लोकांत काही लपवून ठेवायची पद्धत नाही, आणि त्याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत ठोकून सुरी घडवणारे फार थोडे उरले होते. बहुतेक जण पोलादाची तयार पट्टी घासून पातं काढत. मेरीलँडच्या बिल मोरानने १९७३ मध्ये नाइफमेकर्स गिल्ड या सुऱ्या करणाऱ्यांच्या संघटनेच्या प्रदर्शनात स्वतः घडवलेल्या डमास्कसच्या, म्हणजे थर जोडून नक्षी उमटवलेल्या पोलादाच्या, सुऱ्या मांडल्या. १९७६ मध्ये त्याच्या पुढाकाराने अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली, १९८८ मध्ये अर्कान्सातल्या वॉशिंग्टन गावी तिची शाळा उघडली. विद्या मरता मरता वाचली होती, त्यामुळे जे येतं ते पुढच्याला द्यायचं हा पायंडा पडला, तो आजही पाळला जातो.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. हातोडा चालवणं घरी सरावाने जमतं. पात्याला पाणी देणं, म्हणजे तापवून एकदम तेलात बुडवून कडक करणं, मात्र जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच शिकावं. तुम्ही लिहिलंय की चुंबक चिकटेनासं झालं की पातं तेलात बुडवता. चुंबक सुटतं साधारण ७७० अंश सेल्सिअसला. तुमच्या १०८४ ला (हा साध्या कार्बन पोलादाचा एक प्रकार) ८१५ च्या आसपास उष्णता लागते. मधला हा फरक डोळ्यांनी ओळखायचा असतो, आणि भर उन्हात तो ओळखूच येत नाही.

मला तो टॅनेहिललाच एका वयस्कर लोहाराने दाखवला. त्याने भट्टीपुढे पत्रा आडवा लावून अंधार केला, मला खांद्याला धरून जवळ ओढलं आणि पातं बघत राहायला सांगितलं. पातं लाल होत गेलं तशा त्याच्या आत काळपट सावल्या फिरायला लागल्या. टोक आणि धार पातळ, म्हणून ती आधी उजळली. जाड पाठीशी सावली रेंगाळली. पोलादाची आतली रचना बदलते तेव्हा ते उष्णता शोषून घेतं, पण तेवढा वेळ त्याचं तापमान चढत नाही, म्हणून तो भाग शेजारच्यापेक्षा काळा दिसतो. शेवटची सावली पाठीतून निघून गेली, रंग टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा झाला, त्याने पातं आणखी थोडं धरून ठेवलं आणि टोक खाली करून सरळ तेलात सोडलं. निवल्यावर माझ्या हातात कानस दिली. धारेवर ती काचेवरून घसरावी तशी घसरली, कुठे चावलीच नाही. मग त्याने दुसरं पातं तापवून हवेतच निवू दिलं, तेव्हा उलटा प्रकार दिसला: काळवंडत चाललेलं पातं मधेच आपणहून उजळलं आणि पुन्हा काळं झालं. रचना परत बदलताना पोलादाने शोषलेली उष्णता बाहेर टाकली होती. एकदा हे पाहिलं की चुंबक फक्त पडताळ्यापुरतं लागतं.

तेलाचंही तिथेच विचारा. कनोलाचं साधं तेल १०८४ ला चालतं, पण ते ५०-५५ अंशांपर्यंत कोमट केलेलं हवं. कोमट तेल पातळ होतं आणि पात्यातली उष्णता लवकर ओढतं. १०९५ या आणखी कार्बनच्या पोलादाला याहून चपळ, म्हणजे उष्णता झटकन ओढणारं तेल लागतं, म्हणून नवशिक्यांना सगळे १०८४ च घ्यायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पाणी दिल्यावर पातं ठिसूळ असतं. फार वेळ न घालवता ते ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवायचं, निवू द्यायचं, पुन्हा दोन तास ठेवायचं. घासून चकचकीत केलेल्या जागी गवतासारखा फिकट पिवळा रंग चढला की काम झालं.

अशा मेळाव्यात कधीकधी ब्लेडस्मिथ सोसायटीच्या जर्नीमन या पहिल्या पदासाठी कोणाची तरी परीक्षा चाललेली असते. ती चुकवू नका. परीक्षेची सुरी एकूण १५ इंचांपेक्षा लांब चालत नाही, पातं १० इंचांच्या आत आणि रुंदी २ इंचांच्या आत. आधी मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोरखंड एका घावात तोडायचा. मग दोन बाय चार इंची लाकडी फळी दोनदा तोडायची. फळीवर जो भाग घाव खात होता त्याच भागाने नंतर हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी टोकाकडचा भाग व्हाइसमध्ये (शेगड्यात) धरून पातं ९० अंशांत वाकवायचं. पातं तुटलं की परीक्षा संपली. धार केस काढण्याइतकी कडक आणि पाठ वाकण्याइतकी मऊ, हे दोन्ही एकाच पात्यात आणायचं असतं. त्यासाठी फक्त धारेकडचा भाग तेलात बुडवतात, किंवा पूर्ण पातं कडक केल्यावर धार पाण्यात ठेवून पाठ गॅसच्या ज्योतीने निळी होईपर्यंत तापवतात. ते पातं वाकत असताना अख्खं कोंडाळं गप्प असतं, आणि परीक्षा देणाऱ्याच्या कपाळावरचा घाम लांबून दिसतो.

तुमची बिनसलेली सुरी का न्यायची, तर टेबलावर ठेवली की कोणीतरी ती उचलतंच. आधी पाठीवरून नजर टाकून पातं सरळ आहे का बघतील, मग धारेचा उतार दोन्ही बाजूंना सारखा आहे का, मग मूठ मुठीत धरून डोळे मिटतील. नवशिक्यांची मूठ बहुतेक वेळा जाड आणि गोल असते, त्यामुळे धार कुठल्या दिशेला आहे ते हाताला कळत नाही. थोडी अंडाकृती केली की लगेच कळतं. हे कोणी सांगितलं की तिथल्या तिथे कानस मागून घ्या आणि समोरच सुधारा. सुरी छान आहे एवढंच म्हणून पुढे जाणाऱ्याला थांबवा आणि काय बदलाल ते विचारा. माणसं प्रामाणिक आहेत, विचारलं की सांगतात.

आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा. भारतीय दिसलात की तुम्हाला वुट्झ या जुन्या भारतीय पोलादाबद्दल विचारणार. आज डमास्कस म्हणून जे करतात ते दोन पोलादांचे थर तापवून ठोकून जोडलेलं असतं, बहुधा १०८४ आणि निकेल असलेलं १५एन२०. फेरिक क्लोराइड या लोखंड खाणाऱ्या रसायनात बुडवलं की निकेलचे थर चमकत राहतात, दुसरे काळे पडतात. वुट्झची गोष्ट वेगळी. ते दक्षिण भारतात बंद मुशीत वितळवून केलेलं जास्त कार्बनचं पोलाद, आणि त्यातली नक्षी त्याच्या स्वतःच्या कणांतून उमटते. तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक नावाजलेलं केंद्र होतं. एवढं नीट सांगता आलं तरी पुष्कळ, कारण तिथल्या कित्येकांनी आयुष्यातली वर्षं या पोलादामागे घातली आहेत.

शक्य असेल तर घरातली विळी घेऊन जा. बसून, पायाने दाबून, स्थिर पात्यावर भाजी चिरणं त्यांच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं आणि त्या पात्याचा बाक ते फार कुतूहलाने बघतात. आपल्याकडे रस्त्याकडेला पाल टाकून बसलेले घिसाडी पाहिले असतील तर तेही सांगा. नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण घालते. टॅनेहिलला जाड पोलाद ठोकताना हीच जोडी लागते. सांडशी धरणारा छोट्या हातोड्याने जागा दाखवतो, घणवाला तिथेच मारतो. ती लय मला आपल्या गावाकडची वाटते आणि दर वेळी आनंद देते. घण घालायला मिळाला तर सोडू नका, पण थांबायची खूण आधी विचारून घ्या, ती दर लोहाराची वेगळी असते.

बऱ्याच हॅमर-इनमध्ये आयर्न इन द हॅट नावाची सोडत असते. प्रत्येकाने काहीतरी वस्तू आणून टेबलावर ठेवायची, तिकिटं घ्यायची, आणि सोडतीचे पैसे मेळाव्याच्या खर्चाला जातात. रिकाम्या हाताने जाऊ नका. पोलादाचा एखादा तुकडा, मुठीसाठी सुकलेलं लाकूड, काहीही चालेल. शिसवीचा ठोकळा नेलात तर त्यावर उड्या पडतील.

कपडे सुतीच घाला. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. चामड्याचे बूट, डोळ्यांना चष्मा आणि कानांत बोळे हवेतच. बेल्ट ग्राइंडरपाशी उभं राहणार असाल तर धुळीसाठी चांगला मास्क न्या, नुसता रुमाल कामाचा नाही. वही पण ठेवा, कारण संध्याकाळपर्यंत तापमानांचे आकडे डोक्यात सरमिसळ होतात. पार्कात तंबू ठोकायची सोय आहे आणि शक्य असेल तर मुक्काम करा, जेवणानंतरच्या गप्पांत दिवसाइतकंच शिकायला मिळतं. मेळावा वसंतात असतो, नक्की तारीख त्या त्या वर्षी बघून घ्या. अटलांटाहून गाडीने अडीच-तीन तास लागतात, आणि अलाबामात घड्याळ तुमच्यापेक्षा एक तास मागे आहे, त्यामुळे पहाटे निघालात तरी पहिलं प्रात्यक्षिक सुरुवातीपासून मिळेल.