ब्रिटिश वाद्यवृंद शॅडोजचा जेट हॅरिस बास गिटार वाजवायचा की साधी गिटार? शॅडोज सोडल्यावर त्याचं पुढे काय झालं?

दोन्ही. नाव मिळालं ते बासवर. खरं नाव टेरेन्स, जन्म लंडनचा, 1939 चा. शाळेत सुसाट पळायचा म्हणून 'जेट'. ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्डच्या साथीदारांचं 'शॅडोज' हे नाव 1959 मध्ये त्यानेच सुचवलं, लंडनजवळच्या रायस्लिपमधल्या एका पबमध्ये. ब्रिटनमध्ये फेंडर या अमेरिकी कंपनीची इलेक्ट्रिक बास गिटार हाती घेणाऱ्या पहिल्या काही वादकांतला तो एक.

1962 मध्ये तो बाहेर पडला आणि मग खरी गंमत. बास एरवी मागे राहून ठेका सांभाळणार; याने सहा तारांच्या बासवर थेट चालच वाजवली. ड्रमर टोनी मीहानसोबतचं 'डायमंड्स' जानेवारी 1963 मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. हेडफोन लावून ऐका, चाल मंद्रात घुमते. मागे साथीला कोवळा जिमी पेज (पुढे लेड झेपलिन या रॉक बँडचा गिटारवादक) आहे, हे बोनस!

त्याच वर्षी मोटार अपघात झाला, त्यात दारूचं व्यसन, आणि सगळं विस्कटलं. पुढे बस कंडक्टरकीपासून गवंडीकामापर्यंत काय काय केलं त्याने. नंतर दारू सोडून पुन्हा वाजवू लागला. 2010 मध्ये एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला, 2011 मध्ये कर्करोगाने गेला.