सगळ्या टेस्ट 'ओके' येतात, तरी टँकमधली कोरल का मलूल पडताहेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, वय सात महिने, दोन क्लाऊनफिश मजेत. महिन्यापूर्वी तीन मऊ कोरल (मऊ अंगाची जिवंत प्रवाळं) आणली: मशरूम, टोडस्टूल लेदर आणि झोआ. मशरूम पांढुरकं पडत चाललंय, टोडस्टूल लेदर आठवडाभर मिटून बसलंय, झोआ ठीक आहेत. पाण्याच्या टेस्ट सगळ्या ओके. आता कुठलं औषध घालू?

कुठलंच नको. बाटली हातात असेल तर आधी खाली ठेवा.

मी पुण्यात सात वर्षं हा उद्योग करतोय. पहिल्या दोन वर्षांत जेवढी कोरल मारली त्यातली निम्मी तरी मी 'उपचार' करून मारली. म्हणून आधी तुमचे तीन रुग्ण एकेक करून बघू.

लेदर बहुतेक आजारी नाहीच. नीट निरखा: वरच्या टोपीवर मेणासारखा चकचकीत पातळ थर दिसतोय का? सरड्याने कात टाकावी तसं लेदर अधूनमधून आपली वरची कातडी टाकतं. आधी मिटतं, निस्तेज होतं, बोटं आत ओढून घेतं, आठ-दहा दिवस तसंच राहतं. मग तो पापुद्रा सुटून वाहून जातो आणि दुसऱ्या दिवशी स्वारी आधीपेक्षा जास्त फुललेली दिसते. माझ्या पहिल्या लेदरने हे केलं तेव्हा ते मेलं म्हणून मी उचलून बादलीत टाकायला निघालो होतो. तुम्ही एवढंच करा, वेव्हमेकरचा (टँकमधलं पाणी हलवणाऱ्या पंपाचा) प्रवाह त्याच्या अंगावरून थोडा जास्त जाईल असा वळवा. थेट झोत नको, हेलकावा हवा. पापुद्रा अर्धवट लोंबत राहिला तर त्याखाली घाण साचून खरंच कुजायला लागतं.

मशरूमची गोष्ट वेगळी आहे. त्याचा रंग त्याच्या स्वतःच्या मांसाचा कमी आणि आत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाचा जास्त. हे शैवाल उजेडावर साखर बनवतं आणि भाड्यापोटी त्यातला मोठा हिस्सा मालकाला देतं. उजेड किंवा उष्णता झेपेनाशी झाली की त्याच शैवालात विषारी ऑक्सिजन तयार व्हायला लागतो, आणि कोरल वैतागून भाडेकरूला बाहेर काढतं. उरतो तो पांढुरका देह. तो मेलेला नसतो, उपाशी असतो. मशरूम मुळात सावलीतला जीव. हल्लीच्या एलईडी शंभर टक्क्यांवर लावल्या तर दोन फूट खोल टँकमध्येही त्याला त्या झेपत नाहीत. तुमचं मशरूम मध्यावर किंवा वर ठेवलेलं असणार असा माझा अंदाज. तळाला, कोपऱ्यात, खडकाच्या आडोशाला न्या. दिवा निम्म्यावर आणा, आठ तास पुरे. आणि मग दीड-दोन महिने हात लावू नका. रोज जागा बदलणं हा त्याच्यासाठी रोजचा नवा झटका आहे.

आणखी एक. लेदर शेजाऱ्यांना दाबायला पाण्यात रसायनं सोडतं. २०० लिटरमध्ये मशरूम आणि लेदर एकत्र नांदवायची असतील तर चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी फिल्टरमध्ये टाका आणि महिन्याने बदला.

आता तुमच्या 'ओके'बद्दल. हा शब्द वापरायचा नाही. आकडा लिहायचा, तारखेसकट, दूधवाल्याच्या हिशेबासारखा वहीत. कारण कोरल आकड्याने मरत नाहीत, आकड्याच्या उड्यांनी मरतात. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषायची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात) ७.५ डीकेएच असो की ९, दोन्ही 'ओके'च. पण सोमवारी ७.५, बुधवारी बफर (अल्कलिनिटी वाढवणारी पूड) घातल्यावर ९.५ आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ८, ही ओळ वहीत दिसली की दुखणं कळतं. सॉल्ट मिक्सही सगळी सारखी नसतात. काही पाकिटं ८ डीकेएचला मिसळतात, काही ११च्या पुढे. ब्रँड बदलून एकदम निम्मं पाणी बदललंत तर टेस्ट आधीही ओके आणि नंतरही ओके, मधला धक्का कोरलनाच ठाऊक. दर आठवड्याला वीसेक लिटर पाणी बदला, तेच मीठ, तेच तापमान. मऊ कोरलच्या टँकला एवढ्यानेच कॅल्शियम ४००-४५० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास राहतं, वेगळं काही ओतावं लागत नाही. नायट्रेट शून्य आलं म्हणून खूश होऊ नका. ५ पीपीएमच्या आसपास असलेलं बरं, नितळ शून्यावर कोरल फिकट पडतात.

क्षारता मात्र आजच तपासा, रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणाने जुळवून. विचारतो त्याचा राग मानू नका: बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना मिठाचं पाणी तर घालत नाही ना? मी घालायचो! समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच भरणार, असा साधा हिशेब. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. २०० लिटरमध्ये ३५च्या हिशेबाने सात किलो मीठ असतं. पंखा लावल्यावर रोज तीन लिटर उडतं असं धरा. ते मिठाच्या पाण्याने भरलं तर रोज १०५ ग्रॅम जादा, दहा दिवसांत ३५चे ४० पीपीटी होतात. क्लाऊनफिश हे निमूट सोसतात, त्यामुळे मासे मजेत आहेत यावरून काही ठरवू नका. भरायचं ते आरओ-डीआयचं, म्हणजे सगळे क्षार काढलेलं, गोडं पाणी. स्वयंपाकघरातल्या आरओला पुढे डीआय रेझिनचा डबा जोडा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य येतोय ना ते बघा. घरच्या आरओत चवीसाठी खनिजं परत मिसळायची सोय असेल तर ती आधी बंद.

माझा सगळ्यात महागडा धडा उन्हाळ्याचा. मे महिना, दुपारी लाईट गेली ती चार तास आलीच नाही. ऑफिसातून घरी आलो तर पाणी ३१ अंश. मी घाबरून फ्रीझरमधल्या बर्फाच्या बाटल्या एकामागून एक सोडल्या आणि तासाभरात पाणी २५वर आणलं. स्वतःवर खूश होऊन झोपलो. सकाळी दोन मशरूम खडक सोडून पाण्यात तरंगत होती आणि झोआंची अख्खी वसाहत मिटलेली. ३१ कदाचित त्यांनी सोसलंही असतं, लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात उन्हाळ्यात तीस अंश नवलाचे नाहीत. (सोसण्याला हद्द तिथेही आहेच. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापलेलंच राहिलं आणि तिथली प्रवाळं पांढरी पडली.) तासात सहा अंशांची घसरण मात्र त्यांना झेपली नाही. आता एकच बाटली टाकतो आणि तासाला एखाद्या अंशापेक्षा जास्त उतरू देत नाही. वेव्हमेकर इन्व्हर्टरवर आहे, कारण बंद लाईटमध्ये उष्णतेच्या आधी ऑक्सिजन दगा देतो. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश सहज उतरतात. डोंबिवलीच्या दमट हवेत तेवढं होणार नाही. तेव्हा चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पैसे नसतील तर २५चा हट्ट सोडा. दिवसरात्र २७ हे रात्री २५ आणि दुपारी २९पेक्षा कितीतरी बरं.

पुढे कधी अल्कलिनिटी सतत घसरायला लागली, तर आपली चुन्याची निवळी. हसू नका, जगभरचे शौकीन जिला 'काल्कवासर' म्हणतात ती हीच. लिटरभर आरओ-डीआय पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ रात्री थेंबथेंब सोडायची. पानटपरीवरचा चुना चालणार नाही. निवळीचा पीएच १२च्या वर असतो, एकदम ओतलीत तर सकाळी मासेही नसतील.

'पुढचं कोरल कुठलं आणू' हे अजून विचारलं नाहीत, पण विचाराल. दुकानदार 'कडक' कोरल (चुनखडीचा सांगाडा असलेली) दाखवेल, हातोडा, मेंदू, फांद्यावाली. २००१ पासून खडक बांधणारी सगळी कोरल, तसंच सी-फॅन, वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्या समुद्रातून काढलेलं बाळगणं हा गुन्हा आहे. परदेशातून आणलेल्यालाही साइट्सचे (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद लागतात. 'सर, सगळे ठेवतात' हा कागद नव्हे. मऊ कोरलमध्येही मन रमतं, माझं रमलंय.

झोआंबद्दल गंभीरपणे सांगतो. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय झोआंचा तुकडा कापू किंवा घासू नका. त्यांनी व्यापलेला दगड साफ करायला उकळू तर कधीच नका, वाफेतून विष फुप्फुसात जातं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरात टँकमधली कोरल साफ करताना अख्खं कुटुंब रुग्णालयात गेलं, मदतीला आलेल्यांपैकी काहींनाही न्यावं लागलं. घरात लहान मूल असेल तर झाकण लावाच.

डासांचा स्प्रे आणि पेस्ट कंट्रोल टँकच्या खोलीत नको. करावंच लागलं तर एअर पंप बंद ठेवा, नाहीतर तो खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो.

दोन आठवडे रोज क्षारता, अल्कलिनिटी आणि सकाळ-दुपारचं तापमान लिहा आणि ते आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू. मशरूमचा फोटोही टाका, पण निळा दिवा बंद करून. निळ्या उजेडात मेलेलं कोरलही झकास दिसतं.