सुटाला कसर लागली

प्रश्न : लग्नातला लोकरीचा सूट नागपुरात वर्षातून दोनदाच निघतो. यंदा कोपराजवळ बारीक भोकं दिसली. काय करू?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : भाऊ, ही कसर, म्हणजे कपड्यांना लागणारा बारीक किडा. तिचा पतंग काही खात नाही, अळी खाते. घामाची, रश्श्याची डागाळलेली लोकर तर तिची मेजवानीच. तेव्हा पंगतीतला सावजी रश्श्याचा शिंतोडा तसाच ठेवून सूट कपाटात कोंबू नका. आधी ड्रायक्लीन. मग प्लास्टिकची पिशवी फेकून जुन्या धोतराच्या खोळीत, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा. कपाट कूलरपासून लांब हवं. माझं कूलरला खेटूनच होतं. जुलैत कॉलरला हिरवट बुरशी! भोकं रफूवाल्याला दाखवा. धागा पँटच्या आतल्या शिवणीतूनच काढायला सांगा, रंग तंतोतंत जुळतो.