रस घट्ट की पातळ?

प्रश्न : मी भोसरीत मोल्डिंग मशीन चालवतो. खडूची पूड वाढवली की प्लास्टिकचा रस घट्ट होतो. मग नॅनोकणांनी (अतिसूक्ष्म कणांनी) तो पातळ होतो म्हणतात, ते कसं?

उत्तर : द्रवात कण मिसळले की तो घट्ट होतो, असं १९०६ चं आइन्स्टाइनचं सूत्र सांगतं; तुमचा अनुभव त्याला धरूनच आहे. पण २००३ मध्ये मायकेल मॅके या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची एकेक रेणूसाखळी स्वतःतच गुंफून काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) मऊ गोळे केले, ते साध्या पॉलिस्टायरीनमध्ये मिसळले आणि रस चक्क पातळ झाला. (वाचून मी म्हटलं, मोजमाप चुकलं असणार!) गोळ्यांभोवती मोकळी जागा वाढते, हे त्यांचं स्पष्टीकरण. मात्र हे घडायला साध्या पॉलिस्टायरीनच्या साखळ्या शेवयांसारख्या लांब, गुंतलेल्या हव्यात. दोन गोळ्यांमधली फट साखळीच्या पसाऱ्याहून अरुंद हवी. तुमच्या पुडीचे कण शेकडो पट मोठे, शिवाय टणक. तिच्याकडून ही अपेक्षा नको.