ती दोन तुरट झाडं तोडू नका

गेल्या वर्षीचा सायडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, पाणचट आणि आंबट का झाला, या तुमच्या प्रश्नाकडे येतोच. पण आधी तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय त्याबद्दल. सफरचंदाच्या आठ जुन्या झाडांपैकी दोन झाडांची फळं तोंडात धरवत नाहीत, म्हणून ती काढून तिथे गोड वाण लावायचा विचार आहे. कृपया थांबा. लहान फळ, कापताच तांबूस पडणारं, चावल्यावर जीभ आणि हिरड्या आवळून धरणारं, हे वर्णन वाचून मला वाटतं की तुमच्या बागेतली खरी सायडरची झाडं तीच आहेत.

तुरटपणा येतो टॅनिनमुळे. इंग्लंडमध्ये लाँग ॲश्टनला १९०३ साली सायडरसाठी संशोधन केंद्र निघालं. तिथली वर्गवारी आजही वापरतात. रसात मॅलिक आम्ल (सफरचंदातलं मुख्य आम्ल) ०.४५ टक्क्यांच्या वर की खाली, आणि टॅनिन ०.२ टक्क्यांच्या वर की खाली, एवढं पाहायचं. त्यातून चार गट पडतात: गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट. खायची सफरचंदं जवळजवळ सगळी पहिल्या दोन गटांत बसतात. ताज्या रसात ती छान लागतात, कारण साखर आंबटपणाला सांभाळून घेते. यीस्टने साखर संपवली की मागे आम्ल आणि अल्कोहोल उरतं. तोंडात भरल्यासारखं वाटायला जे लागतं ते त्या रसात मुळातच नव्हतं. तुम्ही फक्त बाकीच्या सहा, खायच्या फळांच्या झाडांचा रस घेतलात, त्यामुळे हे होणारच होतं. यीस्ट बदलून ते भरून निघत नाही.

डॅबिनेट आणि यार्लिंग्टन मिल ही सॉमरसेटची तुरट-गोड वाणं, फॉक्सव्हेल्प हे सतराव्या शतकापासून नावाजलेलं तुरट-आंबट. किंग्स्टन ब्लॅकमध्ये आम्ल आणि टॅनिनचा तोल असा जमून आलेला असतो की एकट्याच्या रसातून पूर्ण सायडर होतो, मात्र झाड फळ कमी देतं आणि कँकर या सालीच्या रोगाला लवकर बळी पडतं. यातलं एकही फळ कुणी हौसेने खात नाही. म्हणूनच अशी झाडं पहिली तोडली जातात. आणि सफरचंदाची बी पेरून तेच वाण मिळत नाही. प्रत्येक बीचं झाड निराळं निघतं. कलम घेतलं नाही तर झाडाबरोबर वाण संपतं. न्यू जर्सीचं हॅरिसन हे एकेकाळचं सायडरचं नामांकित सफरचंद नाहीसं झालं असंच मानत होते. १९७६ मध्ये तिथल्याच लिव्हिंग्स्टनमध्ये एक म्हातारं झाड सापडलं, त्यावरून कलमं घेतली, म्हणून आज ते पुन्हा लावता येतं. तुमच्या दोन झाडांचं नाव ठाऊक नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. नाव नसलं तरी रस आहे.

तर झाडं सुप्तावस्थेत असताना दोन्हींची गेल्या वर्षीची, पेन्सिलच्या जाडीची निरोगी फूट काढा, ओलसर गुंडाळून थंड ठेवा, आणि वसंतात कलम करा. नव्या खुंटावर दोन-तीन करा, पण सहापैकी एखाद्या गोड झाडाच्या फांद्यांवरही पाचर कलम बांधा. मोठ्या झाडाची मुळं तयार असल्याने तिथे फळ बरंच लवकर धरतं. जुनी झाडं बहुधा एक वर्षाआड भरतात, त्यामुळे एखाद्या रिकाम्या हंगामावरून त्यांची पारख करू नका.

आता तुमची आंबवण्याची पद्धत. उबदार स्वयंपाकघरात, यीस्टचं खाद्य घालून नऊ दिवसांत सगळं उरकलं, असं तुम्ही लिहिलंय. ही घाई मला सगळ्यात जास्त खटकली. जुन्या, खत न घातलेल्या झाडांच्या रसात नायट्रोजन कमी असतो, त्यामुळे यीस्ट सावकाश चालतं. हे त्या बागेचं देणं आहे, आणि बाहेरून खाद्य घालून तुम्ही ते घालवलंत. वेगाने उठणाऱ्या वायूबरोबर सुगंधही निघून जातो. रस १० ते १५ अंशांत ठेवा आणि काही आठवडे, जमलं तर काही महिने द्या. खाद्य फक्त सडक्या अंड्यासारखा वास आला तरच, तेही थोडं. पहिला जोर ओसरला की साक्यावरून नितळ रस दुसऱ्या भांड्यात काढा आणि भांडं काठोकाठ भरा. वर हवा राहिली की व्हिनेगरकडे वाटचाल सुरू होते.

तोडणीची घाईही नको. फळ पिकून गळू द्या, मग दोन-तीन आठवडे रास करून ठेवा. अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडला की पिळायला तयार. मार लागलेलं चालेल, बुरशी धरलेलं अजिबात नाही. त्यात पॅट्युलिन हे विष असू शकतं.

एक धोका मात्र आधीच सांगतो. तुरट-गोड रसात आम्ल कमी असतं. मी एका वर्षी तसल्या फळांचा नुसता रस लावला, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जास्त तितकं आम्ल कमी) ३.९ होता, आणि वसंतापर्यंत तो तेलासारखा चिकट होऊन तार धरू लागला. सगळा ओतून द्यावा लागला. तेव्हापासून पीएच ३.८ च्या खाली आणल्याशिवाय मी आंबवायला सुरुवात करत नाही. तुमच्या त्या सहा झाडांची आंबट फळं इथेच कामाला येतील. ती फुकट गेली असं समजू नका.

बाटलीत भरण्याबद्दल थोडक्यात: हायड्रोमीटरचा (रसाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा काही आठवडे एकाच जागी थांबल्याशिवाय बूच लावू नका, आणि फेस हवा असेल तर लिटरला ८ ग्रॅम साखर आणि शँपेनच्याच जाड बाटल्या. साध्या बाटल्या फुटतात आणि इजा होते.

यंदा त्या दोन झाडांची प्रत्येकी दहा किलो फळं वेगवेगळी पिळा. हातप्रेसवर प्रत्येक झाडाचा साधारण सहा लिटर रस निघेल. सहा झाडांचाही थोडा थोडा रस वेगळा ठेवा. प्रत्येकाची घनता आणि पीएच मोजा, एक घोट तोंडात धरून तुरटपणा कुठे आणि किती वेळ टिकतो ते लिहून ठेवा. घनता १.०५० आली तर साधारण साडेसहा टक्के अल्कोहोलचा सायडर होईल. आकडे कळवा, मिश्रणाचं प्रमाण आपण मिळून ठरवू.